दगड बघितलेले डोळे

अण्णासो मगदुमांचे दोन्ही डोळे कार्तिकातल्या एका मंगळवारी सकाळी पावणेबाराला काढून नेले, आणि आठवड्याच्या आत ते दोन अनोळखी माणसांना बसले. दोघांनाही दिसायला लागलं असं पत्र आलं.

तर असं अजून काहीही झालेलं नाही. अण्णासो जिवंत आहेत. नदीकडच्या रानात, बांधावर पोत्यावर बसून ते उसाचं बेणं तोडतायत. डोळे जागच्या जागी आहेत आणि त्यातला डावा त्यांनी पोरावर रोखलाय.

"कोयता असा धरत्यात व्हय? ऊस तोडालाईस का त्याची दाढी करालाईस?"

जिनेंद्रनं कोयता बदलून धरला. तो एकोणतीस वर्षांचा होता. डी.एड. झालेला, मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केलेला, आणि दोन्ही विसरलेला. अण्णासो प्रत्येक कांडी हातात घेऊन, कोंब फुटतो त्या तिच्या डोळ्यावरून अंगठा फिरवायचे. फुगीर असला तर उजवीकडे टाकायचे, सुकलेला असला तर जिनेंद्रकडे बघून डावीकडे टाकायचे. सुकण्यात त्याचा काही हात असल्यासारखं.

गाव जयसिंगपूरपासून बारा किलोमीटरवर, नदीच्या आतल्या अंगाला. ऑगस्टात नदी रानात आली आणि अकरा दिवस मुक्काम करून गेली. जाताना तिनं ऊस नेला, पाण्याची मोटर नेली आणि बांधावरचा दगड नेला. ऊस परत लावता येतो, मोटर परत बसवता येते. दगड अण्णासोंच्या आणि त्यांच्या पुतण्याच्या, यशराजच्या, रानामधल्या हद्दीचा होता. तो गेल्यापासून यशराजच्या रानात दोन सऱ्या जास्त निघायला लागल्या. पूर सगळ्यांच्याच रानातून गेला, पण सऱ्या वाढल्या त्या एवढ्याच रानात.

"दगड आंब्यापासनं एकवीस पावलं," अण्णासो सांगायचे. "माझ्या बानं पुरला तवा मी तांब्यानं पाणी ओतालतो. ह्या डोळ्यानं बघितलाय."

आंबाही वाहून गेला होता. ते हे सांगायचे नाहीत.

"काका, एकवीस पावलं खरं, पण कुणाची?" यशराज पलीकडून विचारायचा. "आज्ज्याची, तुमची का माझी?"

अण्णासो रोज सकाळी जाऊन दगडाच्या जागी एक काठी रोवायचे. यशराज रोज दिवस मावळायच्या आत ती उपटून, नीट झाडून, त्यांच्या बांधावर ठेवायचा. मोजणीसाठी अर्ज दिला होता. तारीख दोनदा आली आणि दोनदा पुढं गेली. दोन्ही वेळा अण्णासो इस्त्रीचा सदरा घालून बांधावर उभे होते, आणि दोन्ही वेळा तो सदरा संध्याकाळी घडी करून परत ट्रंकेत गेला.

*

जिनेंद्र संगम सेवा क्लबात शिरला तो सेवेसाठी नाही. त्याच्या आईला, अरुणाला, लग्न जमवणाऱ्या एका मध्यस्थ बाईनं सांगितलं होतं, की स्थळ आणायचं तर पोरगं कशात तरी हाय असं सांगाय पायजे. नुसतं शेतात हाय म्हटलं की पावणं चहा सुद्धा संपवीत न्हाईत.

क्लबाचे अध्यक्ष राजशेखर शेटे. खत-औषधांचं दुकान चालवणारा, हसतमुख, कामाच्या आधी फोटोची जागा बघणारा माणूस. क्लब दरवर्षी झाडं लावायचा, त्याच खड्ड्यांत. त्यांनी जिनेंद्रला केशरी जाकीट दिलं आणि समित्यांची यादी काढली. वृक्षारोपणात अकरा जण होते, वह्यावाटपात नऊ. खाली एक ओळ मोकळी होती.

"नेत्रदान," शेटे म्हणाले. "तू एकटा समिती."

"करायचं काय अप्पा?"

"कोण मेलं की डॉक्टरास्नी फोन करायचा. आजपातुर कुणी केल्याला न्हाय."

"कोण मेलं न्हाय?"

"मेल्यात की. फोन केल्याला न्हाय."

पहिला फोन सप्टेंबरात आला. मळ्यात राहणारे एक जुने गुरुजी वारले होते आणि त्यांनी मरायच्या आधी स्वतःच फॉर्म भरून ठेवला होता. पुराचा चिखल अजून वाळला नव्हता. शहरातून आलेली डॉक्टरांची जीप डांबरी रस्त्यावरच थांबली. डॉक्टरीणबाई जिनेंद्रच्या मागून चिखल तुडवत मळ्यात गेल्या, काम झालं, आणि परतताना त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. त्यांनी आधी हातातली पेटी वर धरली, मग पाय उपसला.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "वाकडं करायचं नाही. आणि पडायचं नाही."

बर्फाची, निळ्या झाकणाची, दोन शेर दुधाच्या किटलीएवढी पेटी. जिनेंद्रच्या हातात तोवर कुणी विरजणाचं भांडंसुद्धा विश्वासानं दिलं नव्हतं. त्यानं ती छातीशी धरली आणि दीड किलोमीटर चालला. चिखलानं एक चप्पल ठेवून घेतली, पुढं दुसरीही घेतली. पायात बाभळीचा काटा गेला, तरी तो खाली वाकला नाही. खांदे भरून आले, घाम डोळ्यात उतरला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. आतमधून बर्फ हलल्याचा बारीक आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला तो थांबत होता.

रस्त्यावर डॉक्टरीणबाईंनी पेटी घेतली आणि विचारलं, "नाव काय तुमचं?"

त्याला पटकन आठवलं नाही.

मगदूम जैन, त्यांच्या घरी जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं. त्या दिवशी ताटावर बसून त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"का रं? दुखालंय का काय?" अरुणानं विचारलं.

"न्हाय. पोट भरल्यागत वाटालंय."

"काय खाल्लास?"

"काय न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं पाठ केलं. सहा तासांच्या आत. पंखा बंद. डोक्याखाली उशी. पापण्या मिटून वर ओला कापूस. दिवाळीपर्यंत तो अकरा घरांत गेला. चार घरांनी डोळे दिले. एका घरानं त्याच्या चपला उकिरड्यावर फेकल्या. एका घरात तिरडीला बांबू कमी पडला म्हणून त्यालाच आणायला पाठवलं. त्यानं आणला, सुतळी बांधू लागला, आणि शेवटची गाठ मारून झाल्यावर विचारलं. त्याला कळत गेलं, की रडं थांबायची वाट बघायची नसते, ते थांबत नसतं. सगळ्यांना पाणी द्यायला जो माणूस उठतो त्याला विचारायचं, आणि विचारताना त्याच्या हातातली घागर आधी आपण घ्यायची. हे कुठल्या कोर्सात नव्हतं. त्याच्या ध्यानात मात्र एवढंच राहिलं.

*

आवड लागली की माणूस घाई करतो. मागच्या गल्लीतल्या चिमणाबाईच्या भाच्याचा फोन आला, "म्हातारी आटपली." जिनेंद्र सायकल टाकून आत घुसला. घरात रडारड चालू होती. त्यानं पंखा बंद केला, डोक्याखाली उशी सरकवली, पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि भाच्याच्या हातातली घागर घेतली.

"पंखा कुणी बंद केला रं?" म्हातारीनं विचारलं.

रडारड थांबली. कधी नव्हे ती थांबली.

"मी," जिनेंद्र म्हणाला.

"तू कोण?"

"नेत्रदान समिती."

"कुणाच्या नेत्राची?"

जिनेंद्रनं घागर खाली ठेवली. "आपल्या."

"मग डोळ्यावर काय हाय ह्ये?"

"कापूस. वल्ला."

चिमणाबाईनं कापूस बोटानं चाचपला. "गार लागालंय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे वाईच. पंखा तेवढा लाव."

त्या दुपारी तिनं दीड भाकरी खाल्ली. क्लबानं तातडीची सभा घेऊन ठराव केला, की सदस्यांनी मृत्यूची खात्री केल्याखेरीज सेवा देऊ नये. स्टँडवर बाकड्यावर कलंडलेली माणसं जिनेंद्र दिसला की हात वर करून सांगायला लागली, "नुसता पडलोय हां मी." आजारी माणसाच्या घरची त्याला बघून दार पुढं करायची. एक स्थळ आलं होतं. मुलीच्या मामांना खोकला होता. मुलगा कशात आहे ते कळल्यावर मामा चहा तसाच ठेवून उठले.

अण्णासोंना बाजारात कुणीतरी म्हणालं, "आण्णासो, जपून निजा. घरातच बसलाय न्यायला."

ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि पोराकडं न बघता अरुणाला सांगितलं, "माझ्या डोळ्याला हात लावायचा न्हाय, सांगून ठेव त्येला. मोजणी व्हायची हाय अजून."

जिनेंद्रनं अकरा घरांत विचारलं होतं. बाराव्यात तो स्वतःच राहत होता.

*

उसाच्या लागणीच्या आदल्या दिवशी दोघं बाप-लेक सरीत पाणी सोडून बसले होते. बेण्याचा ढीग ओल्या पोत्याखाली झाकून ठेवला होता. अण्णासोंनी पाय पाण्यात सोडले. नखं काळी पडलेली, टाचेच्या भेगांत गाळ बसलेला.

"एक सांग," ते म्हणाले. "काढून दुसऱ्याला बसीवल्यावर त्येला काय दिसतंय?"

"सगळं दिसतंय की. रस्ता, माणसं."

"तसं न्हवं. आधीच्यानं बघितल्यालं दिसतंय का?"

जिनेंद्रनं बापाकडं बघितलं. थट्टा करत नव्हते. पलीकडं, जिथं दगड नव्हता तिथं काठी उभी होती, आणि ते तिकडं बघत होते.

"न्हाय आण्णा," तो म्हणाला. "नुसती म्होरली काच असती ती. बघितल्यालं डोस्क्यात ऱ्हातंय."

"आन् डोस्कं जळतंय."

"व्हय."

अण्णासोंनी पाणी पायानं ढवळलं. "मग काय उपेग? मला वाटालतं दगड दिसत असंल त्येला. तसं असतं तर दिलं असतं." मग उठून फावडं उचललं. "पाण्याचं दार मोड तिकडचं. सरी भरली."

त्या संध्याकाळी त्यांनी जेवताना हीच गोष्ट अरुणाला सांगितली, हसत. फारसं हसू आलं नाही कुणाला.

मंगळवारी सकाळी लागण सुरू झाली. पुढं अण्णासो कांडी टाकत, मागं जिनेंद्र ती पायानं गाळात दाबत. तिसऱ्या सरीच्या मध्यात अण्णासो "वाईच बसतो" म्हणाले आणि सरीच्या वरंब्यावर बसले. मग जिनेंद्र दोन्ही कामं करू लागला. मरणाबद्दल गावात सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस दहा मिनिटं बापाकडं पाठ करून कांड्या दाबत होता. सरी संपवून वळला तेव्हा अण्णासोंची टोपी पाण्यात तरंगत त्याच्या पायाशी आली होती.

त्याची हाक ऐकून यशराज पलीकडून धावत आला. रोवलेली काठी त्याच्या वाटेत होती, तो तिला वळसा घालून आला. दोघांनी मिळून अण्णासोंना रस्त्यापर्यंत उचलून आणलं. यशराज पायांकडं होता आणि सारखं म्हणत होता, "काका, जड झालासा की वो, काका."

*

साडेनऊला गावातला डॉक्टर येऊन गेला. पुढच्या खोलीत, सोप्यात, अण्णासोंना निजवलं होतं, वर पंखा गरागरा फिरत होता. बायका अरुणाला धरून बसल्या होत्या. बस्तीत, जैनांच्या देवळात, निरोप गेला होता. बारा-एकच्या आत उरकायचं असं भावकीनं ठरवलं होतं. दारात राजशेखर शेटे उभे होते. केशरी जाकीट त्यांनी घडी करून काखेत दाबलं होतं. ते पंख्याकडं बघत, मग जिनेंद्रकडं, मग चपलांकडं.

जिनेंद्र घागर घेऊन सगळ्यांना पाणी देत होता. त्याच्या हातातली घागर घ्यायला कुणी आलं नाही.

दहा वाजून गेले तेव्हा काठी टेकत चिमणाबाई आली. तिनं बायकांना बाजूला व्हायला लावलं, अण्णासोंच्या नाकापुढं हाताची मागची बाजू धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"नीट बघितलाईस न्हवं?" तिनं जिनेंद्रला विचारलं.

"डॉक्टर येऊन गेला."

"माझ्या येळंला बी डॉक्टर हुता."

तिनं छातीला कान लावला. मग उठली आणि भिंतीशी जाऊन काठीच्या टोकानं पंख्याचं बटण बंद केलं. पाती थांबेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

"उशी द्या. कापूस द्या, भिजवून." कापूस तिनंच पापण्यांवर ठेवला. "गार लागतंय," ती अण्णासोंना म्हणाली, "खरं बरं वाटतंय." मग अरुणाजवळ बसली. "आरुणा, तुझं पोरगं काय विचारायचं न्हाय. म्हणून मी आलोय."

अरुणानं पदर तोंडातून काढला. "हे न्हाय म्हणाल्यात."

"मग उठतो मी."

"दगड दिसणार असंल तर दिलं असतं म्हणालते," अरुणा म्हणाली. तिनं मान वळवून पोराकडं बघितलं. "दिसंल का रं?"

अकरा घरांत त्यानं एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. चेहरा बिघडत नाही हे खरं होतं, सहा तास हे खरं होतं, कुणाला बसवणार ते सांगत नाहीत हेही तो आधीच सांगायचा. घागर एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

"दिसंल, आई."

"मग ने."

शेट्यांनी बाहेर जाऊन फोन केला. फॉर्मवर अरुणानं सही केली. दोन साक्षीदार लागत होते. चिमणाबाईनं अंगठा दिला. दुसरा कोण म्हणून सगळे इकडंतिकडं बघू लागले तेव्हा यशराज पुढं आला. त्यानं फॉर्म दोनदा वाचला, पाठीमागूनही बघितला.

"ह्यात रानाचा गट नंबर न्हाय न्हवं?"

"न्हाय."

त्यानं सही केली. हात ओला होता, शाई थोडी पसरली. मगदुमांच्या दोन्ही घरांच्या सह्या एका कागदावर वीस वर्षांत पहिल्यांदा आल्या, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. वीस मिनिटं लागली. पेटीही तीच होती, निळ्या झाकणाची. जिनेंद्रनं ती उचलून छातीशी धरली.

"जीप दारातच आहे," त्या म्हणाल्या.

"असू द्या."

दारापासून जीपपर्यंत सतरा पावलं होती. रस्ता कोरडा होता. त्याला बराच वेळ लागला.

*

पत्र आठव्या दिवशी आलं. अरुणा सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. जिनेंद्रनं वाचून दाखवलं. दोन रुग्णांना दृष्टी मिळाली, आपल्या कुटुंबाचे आभारी आहोत.

"कुठल्या गावचं?"

"सांगत न्हाईत."

"बाई हाय का बाप्या?"

"सांगत न्हाईत, आई."

त्याच टपालानं दुसरा एक कागद आला होता. मोजणीची तिसरी तारीख. अरुणानं दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि पाखडायला लागली.

"मग त्यास्नी बोलवायचं कसं?" तिनं विचारलं.

"कुणास्नी?"

"डोळ्यास्नी. मोजणीला."

जिनेंद्र तिच्यासमोर बसला. "आई, ती नुसती काच असती. मी त्या दिवशी..."

"ठावं हाय मला." सूप थांबलं नाही. "तू खोटं बोलालतास तवाच कळलं. कान लाल झालतं तुझं, ल्हानपनापासनं हुत्यात. खरं मी त्या बोलण्यावर सही केल्या, आन् डोळं त्या बोलण्यावर गेल्यात. आता बोललास त्ये पुरं कर. लिही."

"काय लिहू?"

"अर्ज."

"कुणी मंजूर करायचं न्हाय त्यो."

"तुझं लिहिणं तू कर. बाकीच्यांचं बाकीची बघतील."

खाली रानात तिसऱ्या सरीत कोंब वर आले होते. काठी जिथल्या तिथं होती. यशराजनं त्या दिवसापासून ती उपटली नव्हती, आणि आपल्या त्या दोन सऱ्याही मोकळ्या ठेवल्या होत्या. जिनेंद्र त्याच्याकडं गेला, तेव्हा तो बैलाला पाणी दाखवत होता. त्यानं मजकूर ऐकून घेतला आणि शर्टाला हात पुसून पेन मागितलं.

क्लबाच्या कागदावर, शिक्क्यासह, अर्ज पुढीलप्रमाणे गेला.

प्रति,
मा. मोजणी अधिकारी साहेब,

विषय : मोजणीच्या वेळी प्रत्यक्षदर्शी डोळे हजर ठेवणेबाबत.

महोदय,

विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, आमच्या सामाईक बांधावरील दगड पुरात वाहून गेलेला असून सदर दगड मूळ जागी पुरताना पाहिलेले डोळे फक्त कै. अण्णासो देवाप्पा मगदूम यांचे होते. सदर डोळे सध्या दोन इसमांकडे वापरात आहेत. त्यांची नावे गोपनीय असल्याचे आम्हांस मान्य असून ती आम्हांस नकोत.

तरी सदर दोन्ही इसमांस मोजणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता बांधावर पाठविणेत यावे. त्यांना काही सांगू नये. पूर्वी आंबा होता त्या जागी उगवतीकडे तोंड करून उभे करावे व नजर जिथे थांबेल तिथे खूण करावी. एका इसमास येणे न जमल्यास एक डोळा चालेल. खूण कोठेही झाली तरी ती मान्य असल्याबाबत समोरील हिस्सेदार श्री. यशराज मगदूम यांची सही सोबत जोडली आहे.

सदर इसमांसाठी उन्हाकरिता टोपीची सोय केलेली आहे. टोपी धुतलेली आहे. जेवण दिवस मावळण्यापूर्वी देण्यात येईल.

तसेच रानाकडे जाताना सदर इसमांना आमच्या दारावरून नेण्यात यावे व दारासमोर अर्धा मिनिट थांबविण्यात यावे. तेथे अर्जदाराची आई उभी असेल. ती काही विचारणार नाही. त्यांनी फक्त तिच्याकडे एकदा बघावे, अशी विनंती आहे.